धातूची फ्रेम आणि ऑप्टिकची सोय असलेले पिस्तूल: रेंजवर चांगले ते कमरेलाही चांगले का?

गणवेश_नागपूर (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात पोलीस दलात उपनिरीक्षक आहे. आमच्या एका संरक्षण पथकासाठी नवे पिस्तूल घेण्याचा विचार वरिष्ठ पातळीवर सुरू असून, आलेल्या दोन नमुन्यांवर वापरणाऱ्यांच्या बाजूने तांत्रिक अभिप्राय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. खरेदीचा निर्णय माझा नाही. नमुन्यांची नावेही मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कंपन्यांची तुलना करायची नसून परीक्षा कशी घ्यावी हे समजून घ्यायचे आहे.

दोन्ही पिस्तुले ९ बाय १९ मिमीची, सेमी-ऑटोमॅटिक, आणि दोन्हींच्या स्लाइडवर (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरू देणारे ऑप्टिक, बसवण्यासाठी खाच पाडलेली आहे. पहिल्याची फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, रिकामे वजन सुमारे ८७० ग्रॅम, रचना स्ट्रायकरची (बाहेर हॅमर नसलेली, आतल्या पिनने काडतूस उडवणारी). दुसऱ्याची फ्रेम पूर्ण पोलादी, वजन जवळजवळ १,२८० ग्रॅम, आणि त्याला बाहेर दिसणारा हॅमर आहे. म्हणजे पहिली गोळी डबल ॲक्शनने (लांब, जड ट्रिगरने) आणि पुढच्या सिंगल ॲक्शनने (हॅमर आधीच मागे असताना, हलक्या ट्रिगरने) सुटतात. पथकाकडे सध्या प्लॅस्टिकच्या फ्रेमची पिस्तुले आहेत.

चाचणीसाठी एकूण ६०० राउंड मंजूर झाले आणि त्यांपैकी १६० वापरून झाले आहेत. पथकातील आठ जणांनी २५ मीटरवर ग्रुपिंग केले (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या किती जवळ पडतात ते मोजले), तेव्हा आठही जणांचे सर्वांत लहान ग्रुप पोलादी पिस्तुलाने पडले. माझा स्वतःचा ग्रुप आमच्या जुन्या पिस्तुलाने ११ सेंटीमीटरच्या आसपास असतो, तो यावर ७ सेंटीमीटरवर आला. कागदावर पाहिले तर निकाल लागल्यासारखाच आहे. परंतु त्याच दिवशी आमच्या एका ज्येष्ठ हवालदारांनी ते पिस्तूल भरून कमरेला लावले, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “साहेब, अधिवेशनाच्या बंदोबस्ताला बारा तास हे लावून उभे राहा, मग ग्रुप मोजा.” त्यांचे बोलणे मला टाळता येत नाही.

रेड डॉटचा अनुभव तर अधिकच गोंधळाचा आहे. आठपैकी पाच जणांची नेमबाजी सुधारली, पण तिघांची उघड्या साइटपेक्षा बिघडली; त्या तिघांत आमचा सर्वांत चांगला नेमबाजही आहे. भर दुपारी आमच्या पत्र्याच्या शेडमधून उन्हातल्या टार्गेटवर नेम धरला, तर ठिपका जवळजवळ नाहीसाच होतो.

तेव्हा माझे विचारणे असे आहे. धातूच्या फ्रेमचा लाभ खरा किती आणि नुसता हातात भरल्याचा आनंद किती? ऑप्टिक बसवता येते ही गोष्ट कर्तव्याच्या पिस्तुलात गुण मानावी की वाढीव जोखीम? आणि उरलेले ४४० राउंड कशावर खर्च करावेत, म्हणजे माझ्या अभिप्रायाला काही आधार राहील?

जुना_कोत

साहेब, मी सैन्यात आर्मोरर (शस्त्रे तपासणारा, दुरुस्त करणारा) होतो आणि निवृत्तीनंतर कामठीला राहतो. माझे आयुष्य पिस्तूल चालवण्यापेक्षा ते उघडण्यात गेले, त्यामुळे माझे मत त्या बाजूने झुकलेले आहे असे समजूनच वाचावे.

धातूची फ्रेम ही आपल्याकडे नवलाई नाही. ईशापूरच्या कारखान्यात बनलेले ९ मिमी १ए पिस्तूल म्हणजे १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची भारतीय आवृत्ती; १३ राउंडचे मॅगझिन, सिंगल ॲक्शन आणि फ्रेम अस्सल पोलादाची. आम्ही कोतातून (शस्त्रागारातून) वर्षानुवर्षे तेच काढले आणि तेच परत ठेवले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली ग्लॉक स्वीकारले तेव्हा प्लॅस्टिकच्या पिस्तुलाला हसणारे माझ्या ओळखीत पुष्कळ होते. पुढे जगभरच्या पोलीस दलांनी तेच उचलले, कारण ते हलके होते, स्वस्त पडत होते आणि घामाने गंजत नव्हते. म्हणून कोणी आज पुन्हा धातूची फ्रेम पुढे ठेवली, तर ती कोणत्या कामासाठी परत आली हे आधी विचारावे. माझे उत्तर असे की ती मुख्यतः स्पर्धेच्या रेंजवरून परत आली आहे. वजन वाढले की धक्का कमी होतो, यात जादू काही नाही. एकाच काडतुसाचा संवेग तेवढाच राहतो आणि मागे येणारी ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भरलेले पिस्तूल ९०० ग्रॅमचे असेल त्याऐवजी १,३०० ग्रॅमचे झाले, तर ही ऊर्जा सुमारे ३० टक्क्यांनी घटते. आपल्या आठ जणांना जे जाणवले ते खरे आहे. परंतु हा हिशेब वजनाचा आहे, धातूचा नाही. आपले पहिले पिस्तूलही धातूचेच आहे, तरी त्याला या लाभातला लहान वाटाच मिळतो.

‘धातू’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ लपलेले आहेत, हे अभिप्रायात आवर्जून लिहावे. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची २.८ पट. पोलाद झिजत नाही पण गंजते. ॲल्युमिनियम तांबड्या गंजाने खराब होत नाही पण झिजते. मिश्रधातूच्या फ्रेमवर कठीण ॲनोडायझिंगचा (विद्युत प्रक्रियेने चढवलेला) पातळ थर असतो, आणि ज्या जागी पोलादी भाग त्यावर घासतो तिथे तो थर संपला की झीज एकदम वेग घेते. म्हणून आज, ३०० राउंडनंतर आणि शेवटी अशा तीन वेळा फ्रेमचे रेल, नळी खाली उतरते त्या ठिकाणची आधाराची जागा आणि, तो फ्रेममध्येच कोरलेला असेल तर, फीड रॅम्प (काडतूस नळीत चढते तो उतार) भिंगाखाली पाहून फोटो काढून ठेवावेत. धातू म्हणजे अमर, असेही नाही. अमेरिकन सैन्याने १९८५ साली घेतलेल्या बेरेटा पिस्तुलाची फ्रेम मिश्रधातूची आणि स्लाइड पोलादी. त्या दशकात काही स्लाइड तुटून मागे आल्या आणि त्यानंतर ९२एफएस या आवृत्तीत तुटलेली स्लाइड फ्रेमवरच अडावी म्हणून हॅमरच्या पिनचे डोके मोठे करण्यात आले. तुटली होती ती पोलादी स्लाइड, मिश्रधातूची फ्रेम नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

नागपूरच्या हवेबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा उघड्यावर राहिलेल्या धातूच्या पिस्तुलाला हात लावता येत नाही, पण तो त्रास तात्पुरता आहे. खरा शत्रू घाम. कातडी होल्स्टर घाम पितो आणि पिस्तुलाला दिवसभर त्या ओलाव्यात ठेवतो. त्यात स्टेनलेस पोलादही निर्धास्त नाही. शिवाय पोलादी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसवला आणि मध्ये खारट घाम शिरला, की दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो, तो स्क्रू काढताना कळतो, म्हणजे फार उशिरा.

आता ऑप्टिकचे. स्लाइड, तिच्यावर प्लेट, प्लेटवर ऑप्टिक, अशी ही उतरंड आहे. दोन सांधे आणि चार-सहा बारीक स्क्रू, आणि हे सगळे प्रत्येक गोळीला मागे धडकून पुढे येते. मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी ऑप्टिकच्या नव्हत्या, स्क्रूच्या होत्या. एका ठिकाणी तर प्लेटचा स्क्रू गरजेपेक्षा लांब निघाला, त्याचे टोक एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस ओढणाऱ्या आकड्याच्या) जागेत शिरले आणि पिस्तूल रिकामी केस बाहेर टाकेना. दोष मात्र दोन दिवस काडतुसांच्या माथी मारला जात होता. स्क्रू आणि भोक स्पिरिटने पुसून कोरडे करावे, निळे लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावावे, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावे आणि स्क्रूपासून प्लेटवर जाईल अशी रंगाची बारीक रेघ मारावी. रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरला. आपल्या आर्मोररकडे टॉर्क ड्रायव्हर आहे का? हे लहान स्क्रू साधारण १२ ते १५ इंच-पाउंड, म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, आणि तो अंदाज कोणाच्याही मनगटाला येत नाही. नसेल, तर ऑप्टिकची सोय ही तुमच्यासाठी अजून सोय नाही.

दहा_मीटर

मी क्रीडा नेमबाज आहे, त्यामुळे ‘रेंज’ या शब्दाबद्दल बोलते. आपल्याकडे रेंज म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आयएसएसएफचे (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे) प्रकार येतात, आणि तिथे ही पिस्तुले जवळजवळ निरुपयोगी आहेत. राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले तो २५ मीटरचा प्रकार .२२ पिस्तुलाचा, त्यात ट्रिगरचे वजन किमान १,००० ग्रॅम आणि पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम असावे लागते. सेंटर-फायर (मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाच्या) प्रकारात ९ मिमी नियमात बसते, पण ऑप्टिक कोणत्याही पिस्तूल प्रकारात चालत नाही. शिवाय सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ९ मिमी मिळत नाही, तो निषिद्ध बोअर मानला जातो. म्हणून कृपया खासगी वाचकांनी या धाग्यावरून खरेदीचे बेत आखू नयेत.

आपल्या ७ सेंटीमीटरबद्दल एक शंका आहे. दादा, तो ग्रुप किती राउंडचा होता? पाच राउंडचा ग्रुप आणि दहा राउंडचा ग्रुप यांची तुलना होत नाही. त्याच नेमबाजाचा, त्याच पिस्तुलाचा दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरीने पाव हिश्शाने मोठा पडतो. आणि सँडबॅगवर टेकवून मारलेला ग्रुप पिस्तुलाची परीक्षा असते, तर उभ्याने मारलेला ग्रुप पिस्तूल आणि माणूस अशी दोघांची. अभिप्रायात हे दोन रकाने वेगळे हवेत.

रेड डॉटने बिघडलेल्या तिघांना एक साधी गोष्ट विचारा: त्यांना ठिपका गोल दिसतो की स्वल्पविरामासारखा, ताऱ्यासारखा? दृष्टिवैषम्य असलेल्या डोळ्याला तो पसरट दिसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच ऑप्टिकमध्ये पाहावे. फोटोत ठिपका गोल असेल तर दोष काचेचा नाही, डोळ्याचा आहे आणि चष्म्याचा नंबर तपासण्याची वेळ झाली आहे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पुढची साइट धूसर दिसू लागते, कारण डोळ्याला मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन अंतरांचा मेळ घालावा लागतो. रेड डॉटमध्ये नजर टार्गेटवरच राहते. जे पाच जण सुधारले त्यांची वये पाहा, असे मी म्हणेन.

ठिपक्याचा आकारही नोंदवा. तो एमओए (अंशाचा साठावा भाग) या कोनाच्या मापात सांगतात; २५ मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. ३ एमओएचा ठिपका तिथे २ सेंटीमीटर झाकतो आणि ६ एमओएचा साडेचारच्या जवळ. कागदावरच्या ग्रुपला लहान ठिपका आवडतो, घाईत उचललेल्या हाताला मोठा.

गणवेश_नागपूर

सुभेदार साहेब (हुद्दा चुकला असेल तर क्षमा करावी), आमच्याकडे टॉर्क ड्रायव्हर नाही. नमुन्यावरचे ऑप्टिक विक्रेत्याच्या माणसाने साध्या ॲलन कीने बसवून दिले आहे. ताई, ग्रुप पाच राउंडचे आणि उभ्याने मारलेले होते. सुधारलेल्या पाचांपैकी चौघे ४२च्या पुढचे आहेत, हे आपण लिहिल्यावरच माझ्या ध्यानात आले. उरलेल्या राउंडचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दोन्ही पिस्तुलांनी आजवर एकदाही स्टॉपेज (गोळीबार मध्येच अडणे) दिलेला नाही, तेव्हा विश्वासार्हतेची बाजू पूर्ण झाली असे लिहावे का?

आकडेमोड

असे लिहू नये, ही माझी विनंती. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवतो. पिस्तुलाबद्दल मला कळत नाही, पण शून्य या आकड्याबद्दल थोडेफार कळते.

संख्याशास्त्रात एक ‘तीनचा नियम’ आहे. एखादी गोष्ट ‘न’ वेळा करून एकदाही बिघाड झाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण तीन भागिले ‘न’ यापेक्षा जास्त नसावे. आपले १६० राउंड दोन पिस्तुलांत निम्मे-निम्मे वाटले गेले असतील तर प्रत्येकाचे ८० होतात; म्हणजे दर २७ राउंडला एक स्टॉपेज देणारे पिस्तूलही तुमच्या चाचणीतून निष्कलंक बाहेर पडू शकते. सर्व ६०० राउंड संपले आणि प्रत्येकाच्या वाट्याला बिनचूक ३०० आले, तरी मर्यादा शंभरात एक इथवरच पोहोचते. हजारात एक म्हणायला एका पिस्तुलातून ३,००० राउंड लागतील. तेही त्या एका नगाबद्दल. शंभर नगांच्या खेपेबद्दल एकच नमुना काय सांगणार?

उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. समजा, पुढच्या चाचणीत एका पिस्तुलाने दोन स्टॉपेज दिले आणि दुसऱ्याने पाच. दुसरे वाईट, असे कोणीही लिहील. पण नाणे सात वेळा उडवले तर पाच-दोन किंवा त्याहून एकतर्फी वाटणी सुमारे ४५ टक्के वेळा नुसत्या योगायोगाने पडते. मग आकड्यापेक्षा प्रत्येक स्टॉपेजचे कारण अधिक बोलते: कोणते मॅगझिन, कितवा राउंड, कोणाच्या हातात, केस अडकली की काडतूस चढलेच नाही. मॅगझिनवर क्रमांक टाकावेत, कारण मॅगझिनचा दोष पिस्तुलाच्या नावावर फार सहज जमा होतो.

विश्वासार्हता ६०० राउंडांत सिद्ध होणारच नसेल, तर ते राउंड तिथे खर्च करण्यापेक्षा ज्या प्रश्नाचे उत्तर थोड्या राउंडांत मिळते तिथे वापरावेत. माणसामाणसांतला फरक हा तसा प्रश्न दिसतो: आठही जणांनी दोन्ही पिस्तुले मारावीत, आणि निम्म्यांनी आधी हे, निम्म्यांनी आधी ते, म्हणजे दमणूक आणि सरावलेपणा एकाच पिस्तुलाच्या वाट्याला येणार नाही. विश्वासार्हतेसाठी मोठ्या दलांच्या चाचण्यांचे अहवाल मागवावेत.

सराव_निदेशक

बरीच वर्षे पोलीस प्रशिक्षणात गोळीबार शिकवला आहे. वर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारतो. पोलादी पिस्तुलाने जे सुरेख ग्रुप पडले, ते मारताना पहिल्या गोळीला हॅमर मागे ओढून ठेवला होता की खाली होता?

मला उत्तराची कल्पना आहे. रेंजवर ‘लोड’ म्हटले की माणूस स्लाइड ओढतो, स्लाइडबरोबर हॅमर मागे जातो आणि पाचही गोळ्या सिंगल ॲक्शनने, हलक्या ट्रिगरने सुटतात. कर्तव्यावर तेच पिस्तूल डिकॉक करून, म्हणजे गोळी न सोडता हॅमर खाली आणून, होल्स्टरमध्ये असते. म्हणजे ज्या गोळीसाठी पथकाला पिस्तूल दिले आहे ती पहिली गोळी लांब आणि जड ट्रिगरने सुटणार, आणि तीच तुम्ही मोजलेली नाही. अशा रचनेत डबल ॲक्शनचा ताण चार-पाच किलोच्या घरात आणि सिंगल ॲक्शनचा दोन किलोच्या आसपास असणे सर्वसाधारण आहे. एकाच पिस्तुलाचे दोन ट्रिगर शिकवायला राउंड लागतात, आणि आपल्याकडे शिपायाच्या वाट्याला वर्षाला किती राउंड येतात हे आपण दोघेही जाणतो. माझ्या मते तुमच्या दोन नमुन्यांतला सर्वांत मोठा फरक फ्रेमचा नाहीच, ट्रिगरचा आहे, आणि या धाग्याच्या शीर्षकाने तो झाकून टाकला आहे.

सुभेदार साहेबांशी माझे एका ठिकाणी मतभेद आहेत. टॉर्क ड्रायव्हर नाही म्हणून ऑप्टिक नको, हे मला पटत नाही. ड्रायव्हर विकत मिळतो, चाळिशीत गेलेली नजर परत मिळत नाही. पण ऑप्टिक दिल्यावर सराव द्यावाच लागेल. तुमचा उत्तम नेमबाज बिघडला याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्याची नजर इतकी वर्षे पुढच्या साइटवर बसलेली आहे. तो पिस्तूल उचलतो आणि काचेत ठिपका शोधत राहतो. त्याला दोन्ही डोळे उघडे ठेवून टार्गेटकडे पाहायला सांगा, पिस्तूल नजरेच्या रेषेत येऊ द्या. रिकाम्या पिस्तुलाने, दोघांनी चेंबर तपासून, काडतुसे खोलीबाहेर ठेवून, रोज दहा मिनिटे असे तीन आठवडे करून घ्या आणि मग पुन्हा मोजा. एकही राउंड लागत नाही. सोबत उघड्या साइटही अशा उंचीच्या हव्यात की काचेतून दिसतील. बॅटरी संपली, काचेवर पाऊस पडला, तर हाताशी काही राहिले पाहिजे. बॅटरी ठरलेल्या तारखेला बदलावी आणि तिची नोंद शस्त्रागाराच्या रजिस्टरमध्ये घ्यावी, संपण्याची वाट पाहू नये.

ठिपका उन्हात नाहीसा होतो त्याचे कारण तुमच्या शेडमध्येच आहे. काही ऑप्टिक ठिपक्याची तीव्रता आपोआप ठरवतात, पण त्यांचा सेन्सर प्रकाश मोजतो तो नेमबाज उभा आहे तिथला. तुम्ही सावलीत, टार्गेट उन्हात. सेन्सरला वाटते संध्याकाळ झाली आणि तो ठिपका मंद करतो. तीव्रता हाताने ठरवण्याची सोय आहे का ते पाहा. नसेल तर ते ऑप्टिक नागपूरसाठी नाही, कारण व्हरांड्यातून उन्हात पाहणे हा आपला बंदोबस्तातला रोजचा प्रसंग आहे. आणखी एक: ठिपका नळीच्या दोन-अडीच सेंटीमीटर वर असतो, म्हणून २५ मीटरवर झिरो केलेले (ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवलेले) पिस्तूल तीन मीटरवर जवळजवळ तेवढेच खाली मारते. संरक्षण पथकाला हे अंतर परके नाही.

होल्स्टरबद्दल कोणी बोलले नाही. ऑप्टिकसह पिस्तूल जुन्या होल्स्टरमध्ये जाणार नाही, आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोकांत उभ्या असलेल्या माणसाला पिस्तूल चांगले असण्याइतकेच ते दुसऱ्याच्या हाताने निघू न शकणे महत्त्वाचे असते. पिस्तुलाच्या किमतीत लॉक असलेले होल्स्टर धरलेले नसेल तर तो प्रस्ताव अर्धवट आहे. हवालदार साहेबांची कमरेची तक्रारही तिथेच तपासा: १७ राउंडच वजनाने सुमारे २०० ग्रॅम होतात, त्यात मॅगझिन, वर ऑप्टिक, पोलादी पिस्तूल भरल्यावर दीड किलोच्या पुढे जाते. रुंद, ताठ पट्टा देऊन पूर्ण पाळीभर लावून पाहावे आणि मग त्यांचे मत लेखी घ्यावे.

गणवेश_नागपूर

निदेशक साहेब, आपला अंदाज खरा निघाला. सर्व ग्रुप हॅमर मागे असतानाच मारलेले होते, आणि ते माझ्या नजरेतून सुटले ही माझीच चूक.

गेल्या आठवड्यात १२० राउंड वापरून पुन्हा चाचणी घेतली. आठ जण, दोन्ही पिस्तुले, निम्म्यांनी क्रम उलटा. अंतर दहा मीटर, पोलादी पिस्तुलाची सुरुवात प्रत्येक वेळी हॅमर खाली ठेवून, आणि पहिल्या गोळीचे छिद्र वेगळ्या रंगाने खुणावलेले. पोलादी पिस्तुलाच्या पुढच्या गोळ्या पूर्वीसारख्याच एकत्र बसल्या. पहिली गोळी मात्र आठपैकी सहा जणांची खाली गेली, त्यांतल्या दोघांची तर टार्गेटच्या मधल्या भागाबाहेर. मिश्रधातूच्या पिस्तुलाचे ग्रुप मोठे पडले, पण पहिली गोळी बाकीच्यांतून ओळखू येत नव्हती. आकडे लहान आहेत याची जाणीव आहे, म्हणून अभिप्रायात ‘श्रेष्ठ’ हा शब्द न वापरता प्रत्येकाची टार्गेटच जोडणार आहे.

ज्येष्ठ हवालदारांनी पोलादी पिस्तूल रुंद पट्ट्यावर आठ तास लावले. त्यांचा लेखी अभिप्राय दोन ओळींचा आहे: पट्ट्याने फरक पडतो, तरी रोजचे नको.

सुभेदार साहेब, आपण सांगितलेली रंगाची रेघ चाचणीपूर्वी दोन्ही पिस्तुलांवर मारली होती. ६० राउंडनंतर पहिल्या नमुन्याच्या प्लेटवरील मागच्या उजव्या स्क्रूची रेघ तुटलेली दिसली. ठिपका अजून जागेवर होता, त्यामुळे रेघ नसती तर कोणालाच कळले नसते. टॉर्क ड्रायव्हर मागवण्याचे पत्र आज दिले आहे. तो येईपर्यंत दोन्ही ऑप्टिक काढून पेटीत ठेवले असून उरलेल्या ३२० राउंडना हात लावलेला नाही.

जुना_कोत

हुद्दा बरोबर आहे, सुभेदारच. काढलेले स्क्रू पुन्हा वापरू नका, नवे मागवा. आणि प्लेट उचललीच आहे तर खालची खाच कापसाने पुसून पाहा, तिथे तेल निघाले तर लॉकटाइट मुळात धरलेच नव्हते.